घरचा मीडिया सर्व्हर भरला? डिस्क मागवण्याआधी हे वाचा

घरच्या मीडिया सर्व्हरची डिस्क हळूहळू भरते, कळतं मात्र एकदम. फोनवरचे फोटो चढेनासे होतात, जेलीफिन (घरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर) मधूनच रुसतं, आणि नेमकं शनिवारी रात्री घरातलं कोणीतरी विचारतं, "सर्व्हरला काय झालं?" मग घाईत सगळ्यात स्वस्त मोठी डिस्क मागवली जाते. ती आल्यावर लक्षात येतं की कॅबिनेटमध्ये जागा नाही, किंवा वायर शिल्लक नाही, किंवा आहे त्या एसएमपीएसला (पीसीला वीज देणाऱ्या डब्याला) ती झेपत नाही. म्हणून या लेखात खरेदी बरीच उशिरा येते.

मी असं धरून चाललोय की तुमच्याकडे जुना डेस्कटॉप किंवा ऑफिसमधून निघालेला रिफर्बिश्ड पीसी आहे. त्यावर डेबियन, उबुंटू किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट, त्यावर जेलीफिन किंवा प्लेक्स, आणि आत डेटाची एकच डिस्क. सिनॉलॉजीसारखा तयार नॅस (नेटवर्कवर डेटा ठेवणारा डबा) किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असेल तर काही भाग तुम्हाला लागू नाही. तिथे तसं सांगितलंय.

पायरी १: भरलंय कशाने?

एनसीडीयू नावाचं छोटं साधन टाका. कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते ते उतरत्या क्रमाने दाखवतं. बहुतेक घरांत उत्तर सिनेमे हे नसतं, फोनचे व्हिडिओ असतात. ४के, ३० फ्रेमचं चित्रण जुन्या एच.२६४ पद्धतीने मिनिटाला साधारण ३५० एमबी जागा घेतं. एचईव्हीसी ही नवी पद्धत चालू केली तर जवळजवळ निम्मी. म्हणजे दहा दिवसांच्या गणपतीत घरातल्या चौघांनी रोजची आरती आपापल्या फोनवर घेतली, तर हिशेब करायची गरजच उरत नाही. एचईव्हीसीचं बटण आजच चालू करा, ते फुकट आहे.

जुन्या मिनी डीव्ही कॅसेट उतरवून ठेवायच्या असतील तर तासाला सुमारे १३ जीबी धरा. स्वतःच्या डीव्हीडी ४.७ किंवा ८.५ जीबीच्या, ब्लू-रे २५ किंवा ५० जीबीची. लग्नाच्या फोटोग्राफरने न कापलेलं सगळं चित्रण दिलं असेल तर एक लग्न काहीशे जीबी सहज घेतं.

मोजतानाच सगळ्याचे दोन ढीग करा. एक, परत मिळू शकणारं: डीव्हीडी कपाटात आहे, पुन्हा उतरवता येईल. दुसरा, जगात दुसरीकडे कुठेही नसलेलं: बारशाचं चित्रण, आजोबांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं, स्कॅन केलेले जुने फोटो. दुसरा ढीग जवळजवळ नेहमीच लहान निघतो. पुढचे बरेच निर्णय या विभागणीवर अवलंबून आहेत, तेव्हा ही पायरी टाळू नका.

आणि डब्यावर लिहिलेला आकडा तसाच धरू नका. कंपनी १००० च्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या. त्यामुळे ४ टीबीची डिस्क ३.६४ दिसते, ८ टीबीची ७.२८. दुकानदाराने फसवलेलं नसतं.

पायरी २: कॅबिनेट उघडा

मशीन बंद करा, प्लग काढा, बाजूचं पॅनल उघडा. बघायच्या गोष्टी चार.

मदरबोर्डवर साटाचे, म्हणजे डिस्क जोडायचे, पोर्ट किती मोकळे आहेत? फक्त मोजू नका, मदरबोर्डचं मॅन्युअल वाचा. एम.२ खाचेत एसएसडी लावली की साटाचा एखादा पोर्ट आपोआप बंद होतो असे कितीतरी बोर्ड आहेत. पोर्ट कमी पडले तर पीसीआयई साटा कार्ड मिळतं. त्यात एएसएम ११६६ चिप असलेलं सहा पोर्टचं किंवा जेएमबी ५८५ असलेलं पाच पोर्टचं कार्ड घ्या. स्वस्तात दहा-वीस पोर्ट देणाऱ्या कार्डांत बहुधा एकच वाट अनेक डिस्कमध्ये वाटलेली असते, ती नकोत.

एसएमपीएसमधून डिस्कला जाणारी वीजेची वायर शिल्लक आहे का? खरी अडचण इथे येते. ३.५ इंची डिस्क चालू होताना चकती फिरवण्यासाठी १२ व्होल्टवर २ अँपियरपर्यंत ओढते, म्हणजे क्षणभर सुमारे २४ वॅट. चार डिस्क एकदम उठल्या तर शंभर वॅटच्या आसपास. बिनब्रँडच्या जुन्या एसएमपीएसचा डब्यावरचा आकडा अशा वेळी खरा ठरेलच असं नाही. डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी एलिटडेस्कच्या बुटक्या मॉडेलमध्ये तर एसएमपीएसच वेगळ्या आकाराचा असतो, बाजारातला साधा त्यात बसत नाही, आणि डिस्कसाठी वायरी मोजक्याच. तिथे दोनच्या वर डिस्क घालायची असेल तर सरळ नवीन कॅबिनेट आणि एसएमपीएसचा विचार करा.

वायर वाढवायला मोलेक्समधून साटा काढणारा जोड मिळतो. त्यातला साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचा, ज्यात तारा आतून दिसत नाहीत, तो घेऊ नका. आतल्या तारा सरकून शॉर्ट होतात आणि प्लास्टिक पेटल्याचे प्रकार झालेले आहेत. तारा चिमटीत दाबून बसवलेला, मागचं झाकण उघडता येणारा जोड घ्या.

उरल्या दोन गोष्टी, ३.५ इंची खाच आणि डिस्कवरून वारा नेणारा पंखा. पुढच्या बाजूला १२० मिमीचा एक पंखा पुरतो.

रास्पबेरी पायवाल्यांसाठी: यूएसबीतून १२ व्होल्ट मिळत नाही, त्यामुळे ३.५ इंची डिस्कला स्वतःचा अडॅप्टर असलेलं एन्क्लोजर लागणारच. लहान २.५ इंची डिस्क थेट चालते, पण दोन लावल्या की पायची यूएसबी वीज अपुरी पडू लागते.

पायरी ३: कोणती डिस्क?

डिस्कवर लिहिण्याच्या पद्धती दोन. सीएमआर घ्या. एसएमआर टाळा. एवढं लक्षात राहिलं तरी पुरे, पण कारण माहीत असलेलं बरं. एसएमआर डिस्कमध्ये डेटाच्या पट्ट्या मंगलोरी कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. त्यामुळे कमी जागेत जास्त मावतं, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. वाचताना फरक पडत नाही. सलग खूप लिहिलं की वेग कोसळतो. रेडमधली (RAID, म्हणजे अनेक डिस्कचा एकत्र गट) बिघडलेली डिस्क बदलून नवी भरताना हे जीवघेणं होतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या साध्या रेड (Red, हे मालिकेचं नाव) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. त्यानंतर सीएमआर हवी असणाऱ्यांसाठी रेड प्लस हे नाव आलं. सीगेटची आयर्नवुल्फ मालिका सीएमआर आहे. त्याच कंपनीच्या ३.५ इंची बाराकुडामध्ये २, ४ आणि ८ टीबी एसएमआर आहेत. "नॅससाठी चालते" या दुकानदाराच्या आश्वासनावर जाऊ नका, मॉडेल क्रमांक कंपनीच्या तक्त्यात तपासा.

लहान चार की मोठी एक? माझं मत मोठीच्या बाजूने. चालू डिस्क साधारण ५ ते ८ वॅट घेते. ७ वॅट धरले तर चोवीस तास चालणारी एक डिस्क महिन्याला ५ युनिट खाते. चार डिस्क म्हणजे २० युनिट, शिवाय चार वायरी, चार पोर्ट, चौपट उष्णता. आज ४ टीबी पुरेल असं वाटत असेल तर ८ घ्या.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात जायचं असेल तर ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, आणि रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. वाशी किंवा ठाणे स्टेशनजवळच्या दुकानांतही डिस्क मिळतात; नॅसची डिस्क मात्र आधी फोन करून विचारलेली बरी. कुठूनही घ्या, जीएसटीचं बिल घ्या आणि दुकानात उभं असतानाच अनुक्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघा. आयर्नवुल्फ आणि रेड प्लसला तीन वर्षांची, आयर्नवुल्फ प्रो आणि एक्सॉसला पाच वर्षांची वॉरंटी असते. साइट "या देशासाठी वॉरंटी नाही" किंवा "संगणक कंपनीला विकलेली" असं काही दाखवत असेल तर डिस्क परत ठेवा, कितीही स्वस्त असली तरी.

२०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या एक्सॉस डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं बाहेर आलं. स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) वापराच्या तासांचा आकडा शून्यावर आणलेला होता, पण सीगेट डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, तिथे खरे तास सापडले. स्मार्टमनटूल्सच्या ७.४ पासूनच्या आवृत्तीत ही नोंद वाचता येते. सीगेट घेतली तर दोन्ही आकडे जुळतात का ते बघा.

बाहेरून लावायची यूएसबी डिस्क सेलमध्ये स्वस्त मिळते, ती फोडून आतली काढावी असा सल्ला अनेक जण देतात. जमतं, पण वॉरंटीवर वाद होतो आणि आत काय निघेल याची खात्री नसते. शिवाय अशी डिस्क कधीकधी कॅबिनेटमध्ये लावल्यावर उठतच नाही. साटा वीजेच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की नव्या प्रकारच्या डिस्क त्याचा अर्थ "बंद राहा" असा घेतात. मोलेक्समधून वीज दिली तर ३.३ व्होल्ट येतच नाहीत आणि ती चालते. डिस्क मेली असं समजून परत करण्याआधी एवढं तपासा.

पायरी ४: डेटा भरण्याआधी डिस्कला रगडा

नवी डिस्क बिघडायची असेल तर बऱ्याचदा सुरुवातीलाच बिघडते. ते तुमचे फोटो त्यावर जाण्याआधी झालेलं बरं, आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी तर फारच बरं.

पावसाळ्यात डिस्क आणली असेल तर खोकं लगेच उघडून चालू करू नका. घरातल्या हवेत काही तास राहू दे, आत दव धरलं असेल तर सुकेल.

आधी स्मार्टची छोटी चाचणी, काही मिनिटांत होते. मग लांब चाचणी; ८ टीबीला अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त. मग बॅडब्लॉक्सची लिहून-वाचून तपासणारी चाचणी. ती चार नमुने लिहिते आणि प्रत्येक वाचून बघते, म्हणजे पूर्ण डिस्कवरून आठ फेऱ्या. ८ टीबीला चार दिवसांच्या आसपास लागतात. घाबरू नका, मशीन आपलं काम करत राहतं, तुम्ही तुमचं करा. दोन गोष्टी मात्र सांभाळा. ही चाचणी डिस्कवरचं सगळं पुसते, तेव्हा डिस्कचं नाव आकार आणि अनुक्रमांकासकट दोनदा वाचूनच आदेश द्या. आणि ब्लॉकचा आकार ४०९६ द्या. मूळचा १०२४ ठेवला तर ४ टीबीच्या पुढची डिस्क त्याला मोजताच येत नाही.

चाचण्यांनंतर स्मार्टमधले ५, १९७ आणि १९८ हे तीन आकडे बघा: बदललेले सेक्टर, संशयित सेक्टर, न वाचता आलेले सेक्टर. नव्या डिस्कवर तिन्हींच्या कच्च्या आकड्यात शून्यच हवं. एकही वाढला तर वाद न घालता बदलून घ्या. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून साटा केबलचा असतो.

पायरी ५: बसवा, फॉरमॅट करा

बसवणं सगळ्यात सोपं आहे. प्लग काढलेला, हात कॅबिनेटच्या धातूला एकदा लावून घेतलेला, चारही स्क्रू, केबलला तीव्र घडी नाही. झालं.

विभाजन जीपीटी पद्धतीचं करा. जुन्या एमबीआरला २ टीबीच्या पुढे दिसत नाही. त्यावर एक्सटी४ ही फाइल सिस्टीम पुरेशी आहे. ती पाच टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. सिस्टीमच्या डिस्कवर ते योग्य, पण ८ टीबीच्या सिनेमांच्या डिस्कवर ४०० जीबी विनाकारण अडकतात. ट्यून२एफएसने ती राखीव जागा शून्य किंवा एक टक्क्यावर आणा.

मग एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची त्या यादीत) नोंद. एसडीए, एसडीबी ही नावं वापरू नका, पुढच्या वेळी ती अदलाबदल होऊ शकतात, यूयूआयडी हा ओळखक्रमांक वापरा. सोबत नोफेल हा पर्याय लिहा, नाहीतर एखाद्या दिवशी डिस्क उठली नाही की अख्खा सर्व्हर सुरू होताना अडून बसेल. नोफेलची दुसरी बाजूही आहे: डिस्क जोडलेली नसताना नव्या फायली त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या डिस्कवर, गुपचूप जमा होतात. म्हणून डिस्क माउंट करण्याआधी (फोल्डरला जोडण्याआधी) त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर या आदेशाने न बदलणारा करून ठेवा.

पायरी ६: जुनी आणि नवी एकत्र कशी नांदवायची

सर्वात साधी रीत म्हणजे काहीच एकत्र न करणं. जेलीफिनच्या एकाच लायब्ररीला दोन वेगवेगळे फोल्डर देता येतात. टीव्हीवर बसलेल्याला फरक कळत नाही. दोन डिस्कपर्यंत मी हेच सुचवेन.

तीन किंवा जास्त झाल्या की मर्जरएफएस. सगळ्या डिस्क मिळून एकच मोठा फोल्डर दिसतो, पण प्रत्येक फाइल कुठल्या तरी एका डिस्कवर अखंड असते. एक डिस्क गेली तर तिच्यावरचंच जातं. जोडीला स्नॅपरेड लावलं तर एका जास्तीच्या डिस्कवर पॅरिटी (बाकीच्या डिस्कवरून काढलेली हिशेबाची माहिती) राहते आणि गेलेली डिस्क पुन्हा उभी करता येते. अट एवढीच की पॅरिटीची डिस्क सगळ्यात मोठ्या डेटा डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. स्नॅपरेड सतत चालत नाही, तुम्ही रात्री ठरवून दिलेल्या वेळी चालतं. मधल्या काळात आलेलं उघड्यावर असतं. एकदा टाकून वर्षानुवर्षं न बदलणाऱ्या व्हिडिओंना ते चालतं.

रेड ५ किंवा झेडएफएस (डिस्कचा गट स्वतःच सांभाळणारी फाइल सिस्टीम) चांगलंच आहे, पण पहिल्यांदा करणाऱ्याने घरच्या सिनेमांसाठी त्यात शिरावं असं मला वाटत नाही. झेडएफएसच्या रेडझेड गटात एकेक डिस्क वाढवण्याची सोय ओपनझेडएफएस २.३ मध्ये, जानेवारी २०२५ ला आली. त्याआधी ते जमतच नव्हतं. सिनॉलॉजीवाल्यांचं एसएचआर (त्यांची स्वतःची रेड पद्धत) मात्र नवख्यांना सोयीचं: एकेक डिस्क बदलत जा, प्रत्येक वेळी दुरुस्ती पूर्ण होऊ दे. पण सुरू करण्याआधी दुसऱ्या ढिगाची प्रत बाहेर काढा, कारण त्या दुरुस्तीच्या तासांत उरलेल्या डिस्कवर सगळ्यात जास्त ताण असतो.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेला फोल्डर रेड तितक्याच इमानाने सगळ्या डिस्कवरून पुसतो.

पायरी ७: डेटा हलवा, पण पुसू नका

जुनी लहान डिस्क काढून नवी मोठी तिच्या जागी आणायची असेल तर आरसिंक हा कॉपीचा आदेश वापरा, आणि तो टीमक्स किंवा स्क्रीनच्या आत चालवा. लॅपटॉप झोपला म्हणून अर्ध्यात तुटायला नको. आतल्या आत, साटाहून साटावर, ४ टीबीला सात-आठ तास लागतात. नेटवर्कवरून न्यायचं असेल तर एक गिगाबिटच्या वायरीवर दहा तासांच्या वर. वाय-फायवरून नको.

पहिली फेरी झाली की चेकसमचा पर्याय देऊन दुसरी फेरी नुसती तपासायला चालवा. ती काहीच बदल सुचवत नसेल तर प्रत पक्की.

आता नवी डिस्क नेमकी जुन्याच मार्गावर माउंट करा. फोल्डरचा मार्ग बदलला तर जेलीफिनला सगळ्या फायली नव्या वाटतात, आणि कोणी कुठली मालिका कुठपर्यंत पाहिली ही नोंद जाऊ शकते. घरातल्या ज्येष्ठांच्या मालिकेची नोंद गेली तर डिस्क जाण्यापेक्षा जास्त ऐकून घ्यावं लागतं. हे सगळं होईपर्यंत जेलीफिन बंद ठेवा. डिस्क गायब असताना त्याने लायब्ररी तपासली तर यादीतून नावं उडवेल.

जुनी डिस्क निदान महिनाभर तशीच राहू दे.

खाडीकाठची हवा, मे महिना आणि वीज

ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर आहेत आणि तिथल्या डिस्क वर्षभर मोजूनमापून गार केलेल्या हवेत राहतात. तिथून दोन किलोमीटरवरच्या आपल्या टू-बीएचकेत तीच डिस्क टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, सेट-टॉप बॉक्स आणि राउटरच्या मध्ये चेपलेली असते. कंपन्या ६० अंशांपर्यंत चालेल म्हणतात. मी ४५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा म्हणेन. मे महिन्यात दुपारी तीन वाजता स्मार्टमधलं तापमान बघा. जास्त असेल तर कप्प्याचं मागचं प्लायवूड कापा किंवा मशीन बाहेर आणा. माळ्यावर मुळीच नको, छताखालची हवा सगळ्यात तापलेली असते.

वाशी, ऐरोली किंवा कोपरीत खाडीच्या बाजूला खिडकी असेल तर खारट दमट हवेने कनेक्टरचे पितळी-तांब्याचे भाग काळवंडतात. सर्व्हर त्या खिडकीखाली ठेवू नका. चालू मशीन स्वतःच्या उबेने कोरडं राहतं; धोका महिनोन्‌महिने बंद पडलेल्या डिस्कला जास्त. बंद डिस्क सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा.

आमच्याकडे महावितरणची वीज पहिल्या वळिवाला एकदा तरी झटका देतेच. यूपीएस घ्या, आणि तो यूएसबीने सर्व्हरला जोडता येणारा घ्या, म्हणजे नट नावाच्या सॉफ्टवेअरने बॅटरी संपायच्या आत मशीन स्वतःहून नीट बंद होतं. ६०० व्हीएचा यूपीएस दोन-तीन डिस्कच्या साध्या पीसीला नीट बंद होण्यापुरता वेळ देतो. घरात इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडवर वीज बदलताना इतका वेळ जातो की पीसी रीस्टार्ट होऊ शकतो. जुन्या इमारतीत अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या, आणि तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरमध्ये खुपसू नका.

जुन्या डिस्कचं काय?

महिना उलटला, नवी डिस्क व्यवस्थित, स्मार्टचे तीन आकडे शून्यावर. आता जुनी डिस्क मोकळी झाली. विकू नका. दुसऱ्या ढिगाची, म्हणजे परत न मिळणाऱ्या गोष्टींची प्रत तिच्यावर घ्या आणि ती डिस्क घराबाहेर ठेवा: डोंबिवलीच्या मामांकडे, पनवेलच्या बहिणीकडे, कुठेही. एकाच इमारतीत पाणी शिरलं किंवा घरफोडी झाली तर दोन्ही प्रती एकदम जायला नकोत. कागदपत्रांचे स्कॅन असतील तर लक्सने (डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या साधनाने) कुलूपबंद करा आणि पासवर्ड घरात दुसऱ्या कोणाला तरी माहीत असू दे. दिवाळीला आणि मे महिन्याच्या सुट्टीत गाठीभेटी होतातच, तेव्हा आणून ताजी करून परत द्या.

डिस्कवर चिकटपट्टी लावून तारीख आणि आत काय आहे ते लिहा. आणि मामांना आधीच सांगून ठेवा की ही डिस्क विंडोजच्या लॅपटॉपला लावायची नाही. एक्सटी४ किंवा लक्स विंडोजला वाचता येत नाही, ते कधीकधी "डिस्क फॉरमॅट करायची का?" असं विचारतं, आणि मामा मदत म्हणून हो म्हणतील.